ताईला वगळून

मी ताईला काढलं आणि इमारत विझली. म्हणजे संगणकाच्या पडद्यावरची. खरी इमारत, बर्फाचा जुना कारखाना, आमच्या कचेरीपासून चार रस्ते पलीकडे नेहमीसारखी उभी होती आणि खरी ताई त्या वेळी बहुधा कुणाच्या तरी कोटाला अस्तर लावत बसली असणार. पण पडद्यावर मी तिचा ठिपका पुसला आणि बाकीचे ठिपके, जे इतका वेळ एकमेकांकडे जात होते, येत होते, दोघांनी मिळून काही नवं काम जमवलं की क्षणभर पिवळे होत होते, ते मंदावले. काही कोपऱ्यात जाऊन थांबले. काही जागच्या जागी घोटाळत राहिले. मग पिवळं होणंच बंद झालं. माझ्या मागे संचालिकाबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातातला कप तोंडाशी गेला होता तो तिथेच राहिला. “परत करा,” त्या म्हणाल्या. मी परत केलं. परत विझली. “हे कोण?” त्यांनी विचारलं. आणि अशा वेळी तोंड बंद ठेवायची अक्कल मला कधीच नव्हती, म्हणून मी म्हणालो, “माझी बहीण.”

काढून बघणं हा आमच्या धंद्यातला रोजचा प्रकार आहे. त्यात कुणाचं वाईट चिंतायचा हेतू नसतो. शहरातली नाटकवाली, चित्रवाली, वाद्यं दुरुस्त करणारी, बाहुल्या बनवणारी माणसं पोट कसं भरतात, एकमेकांना कामं कशी मिळवून देतात, त्यातून शहराला काय मिळतं, हे शोधायला नगरपालिकेने एक विभाग काढला आणि त्यात मला बसवलं, कारण मी गुंतागुंतीचं गणित शिकलो होतो. नातेवाइकांना हे कधी समजावून सांगता आलं नाही. एकदा मेहुण्याला म्हणालो, दुधावर साय धरते, धर म्हणून कुणी सांगत नाही, दुधाच्या एका थेंबात साय शोधली तर सापडत नाही, आणि तरी ती धरते. माणसांच्या घोळक्यातून नवं काही तसंच निघतं, ते कसं हे मी बघतो. तो म्हणाला, “म्हणजे दूध आटेपर्यंत बसून राहायचा पगार मिळतो.” तेव्हापासून मी नुसतं ‘आकडेमोड करतो’ म्हणतो. तर अशा घोळक्यातून एकेक माणूस काढायचा आणि बाकीचे काय करतात ते बघायचं. त्या दुपारी मी आधी व्हायोलिन दुरुस्त करणाऱ्याला काढलं. थोडी गडबड झाली आणि ठिपके जोडणाऱ्या रेघा त्याच्या जागी दुसऱ्याच कुणाकडे वळल्या. बाहुल्यावाल्या बाईंना काढलं, फोटोवाल्याला काढलं. काही नाही. कुणाचं कुणावाचून अडत नाही, हे जग फार पूर्वीपासून म्हणत आलंय. आमच्या शास्त्राने फक्त त्याला रंग दिलेत. या भरवशावरच मी ताईच्या ठिपक्याकडे वळलो. थोडी गंमतही वाटली होती, हे कबूल करायला हवं.

खरं तर आश्चर्य वाटायला नको होतं. त्या इमारतीत दारोदार जाऊन मीच विचारलं होतं, कामाबद्दल तुम्ही कुणाशी बोलता? प्रत्येकजण आधी एखादं मोठं नाव घ्यायचा, कुणा नामवंताचं, ज्याच्याशी त्याचं वर्षातून एकदा बोलणं होत असेल. मग उठता उठता, मी पेनाला टोपण लावल्यावर, म्हणायचा, “आणि हो, ताईंशी.” सगळे तिला ताईच म्हणतात. तिच्याहून वयाने मोठे असलेलेही. लहानपणापासून मला याचा राग येतो. निदान हा शब्द तरी माझ्या एकट्याचा असायला हरकत नव्हती. तिची खोली कारखान्याच्या उतारापाशी आहे, जिथे पूर्वी बर्फाच्या लाद्या तोलून गाडीत चढवत. भिंती हातभर जाड, खिडकी नाही, आणि दार असं की इमारतीत जाणाऱ्याला आणि बाहेर पडणाऱ्याला त्याच्यासमोरूनच जावं लागतं. ती नाटकांचे कपडे शिवते. लोक कात्री मागायला थांबतात आणि अर्धा तास बसतात. “तुला लाकूड कोरणारा हवाय ना, मागच्या अंगाला एक नवा आलाय, जरा तिरसट आहे पण हात चांगला आहे,” असं काहीतरी दातांत दोरा धरून ती बोलते आणि त्यातून एक अख्खं नाटक उभं राहतं. नाटकाच्या पत्रकावर तिचं नाव शेवटून दुसरं असतं, दिवेवाल्याच्या वर.

घरीही असंच होतं. आम्ही दोन खोल्यांत राहायचो आणि मधल्या बोळात तिचं शिवणयंत्र होतं. स्वयंपाकघरात जायचं तर तिला ओलांडून, नळावर जायचं तर तिला ओलांडून, बाहेर जायचं तर ती गुडघे आत ओढून घ्यायची. आई तिच्याशी बोलत बोलत भाजी चिरायची, बाबा दाराकडे जाता जाता चष्मा कुठे आहे ते तिला विचारायचे, आणि मी यंत्राच्या लोखंडी पायाला टेकून गणितं सोडवायचो. त्या पायाची थरथर पाठीत यायची. ती थांबली की माझं गणितही थांबायचं, म्हणून मी म्हणायचो, “ताई, चालव ना,” आणि शिवायला काही नसलं तरी ती नुसतं रिकामं यंत्र चालवायची. मला ही आठवण फार गोड वाटत आलेली आहे. बायकोला मी ती कितीदा सांगितली असेल. त्या दुपारी पडद्यासमोर बसलो असताना पहिल्यांदा मनात आलं, की रिकामं यंत्र चालवताना तिला काय वाटत असेल? तिला झोप आली असेल का? मी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. तिचं लग्न झालं तेव्हा सासरीही तिला मधलीच खोली मिळाली, हे तीच एकदा हसत म्हणाली होती. पुढे ते लग्न मोडलं आणि ती परत आली. आमच्याकडे त्यावर कुणी बोलत नाही.

आणि आता ती चालली होती. आठवड्यापूर्वीच तिने सांगितलं होतं. एका लहान गावात तिच्या मैत्रिणीचं घर आहे, वरची खोली रिकामी आहे, तिथे जाऊन राहायचं. मी विचारलं, “तिथे काय करणार?” ती म्हणाली, “दार लावून बसणार.” मला वाटलं थट्टा करतेय. मग तिने कपाटामागून एक गुंडाळी काढली आणि कापायच्या मेजावर उलगडली. चिंध्यांचं चित्र होतं ते. जुन्या नाटकांच्या उरलेल्या कापडांचे तुकडे एकावर एक शिवलेले, मखमल, गोणपाट, कुणा राजाच्या झग्याची किनार. एक मोठं पाणी होतं, आणि पाण्याखाली काहीतरी होतं जे अजून शिवलं गेलेलं नव्हतं. तिथे खडूच्या रेघा होत्या आणि त्याही पुसट झालेल्या. मला चित्रातलं फारसं कळत नाही. पण अंगावर काटा आला. “कधीपासून करतेयस?” मी विचारलं. “याला सुरुवात केली तेव्हा तुझे केस काळे होते,” ती म्हणाली. “सुई लावली की कुणीतरी येतंच रे. चांगलीच माणसं येतात. तोच तर वांधा आहे. वाईट असती तर हाकलली असती.” इतक्यात कुणीतरी आलंच, आणि तिने गुंडाळी मिटली.

संचालिकाबाई वाईट नाहीत. हे मी स्वतःला वारंवार सांगतो, आणि ते खरंही आहे. कारखाना पाडून तिथे वाहनतळ करायचं घाटत होतं आणि तो वाचावा म्हणून त्या वर्षभर एकट्या भांडत होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी समिती बसणार होती. समितीला दाखवायला त्यांना काहीतरी ठोस हवं होतं, आणि ते आता पडद्यावर सापडलं होतं. “या बाई म्हणजे इमारतीचं काळीज आहे,” त्या म्हणाल्या. मी म्हणालो, “मॅडम, उलट हे वाईट लक्षण आहे. धडधाकट गुंता एका माणसावर उभा नसतो. एक गेला तर बाकीचे सावरून घेतात. इथे तसं होत नाही, म्हणजे ही व्यवस्थाच नव्हे, हा एक खांब आहे आणि वर छप्पर.” “मग खांब जाऊ द्यायचा नाही,” त्या म्हणाल्या. “पाच वर्षं. त्यांच्यासाठी एक पदच निर्माण करू. निवासी दुवा.” त्या हसल्या नाहीत, म्हणून मीही हसलो नाही. “ती गाव सोडून चाललीय,” मी म्हणालो. त्यांनी कप खाली ठेवला. “त्या गेल्या तर मी समितीला काय सांगू? की हे पाहा, इतकी सुंदर इमारत, पुढच्या महिन्यात विझणार आहे, तरी पैसे द्या? तुम्ही बोला ना त्यांच्याशी. भाऊ आहात.” आणि जाता जाता, अगदी सहज, “तुमच्या कराराचंही उद्याच आहे हं समितीपुढे. विभाग राहिला तर आपण सगळे राहू.” त्यांनी धमकी दिली नाही. हवामान सांगावं तसं सांगितलं. माझा करार दर वर्षी नव्याने होतो आणि माझ्या वयाला दुसरीकडे कुणी आकडेमोड करायला ठेवून घेत नाही.

त्या गेल्यावर मी बाण लावले. हे आधीच करायला हवं होतं. कोण कुणाकडे गेलं हे दाखवायला रेघेला बाण लागतो. नुसत्या रेघेत दोन्ही टोकं सारखी दिसतात, जणू दोघं एकमेकांना सारखंच देतात घेतात. पण बाण लावले की चित्र काटेरी होतं, समितीतल्या वयस्क सभासदांना त्रास होतो, म्हणून बाईंनी बाण नकोत म्हटलं होतं आणि मीही बरं म्हणून सोडून दिलं होतं. गणितात त्यामुळे ताईच्या ठिपक्याला जितकं ती देते तितकंच परत मिळत होतं. फुकटात. ती दमत नव्हती, आटत नव्हती, पाच वर्षं काय पन्नास वर्षं चालली असती. मी एकेक रेघ उघडून माझ्या टिपणांवरून बाण लावत गेलो. व्हायोलिनवाल्याला ताईने गिऱ्हाईक दिलं. बाहुल्यावाल्या बाईंना ताईने नाटकवाले गाठून दिले. फोटोवाल्याला जागा, अमक्याला कापड, तमक्याला धीर. सगळे बाण बाहेर. मी आत येणारा एक तरी सापडतो का म्हणून शोधत राहिलो, अगदी हट्टाला पेटून. कुणी तिला काम दिलं होतं, पण ते काम म्हणजे त्याचंच नाटक होतं. कुणी तिला विचारलं होतं, की तू काय करतेयस? नाही. मीही विचारलं नव्हतं. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीत एक माणूस फळा पुसत होता, तो पुसून झाला, गेला, दिवा गेला, तरी मी तिकडेच बघत होतो. मी ठरवलं, की उद्या समितीला सांगायचं, चित्र चुकलंय. आणि ताईला आजच सांगायचं, की तू जा.

कारखान्याच्या उतारावर व्हायोलिनवाला भेटला. इमारतीत बातमी माझ्या आधी पोचली होती. “ताई थांबतायत ना?” त्याने विचारलं. “म्हणजे, आमचं काही नाही हो, पण आता या वयात मी हत्यारं घेऊन कुठे फिरू? तुम्ही सांगा त्यांना. तुमचं ऐकतील.” त्याच्या बोटांना सरसाचा वास येत होता आणि त्याने माझा हात धरून ठेवला होता. प्रत्येक दार अर्धवट उघडं होतं आणि प्रत्येक दारामागे काम थांबलं होतं, हे मला ऐकू येत होतं. जाड भिंतींचा हा गुण आहे. आवाज बाहेर जात नाहीत, त्यामुळे आतल्या आत सगळं कळतं. मला त्यांचा राग आला, आणि लगेच रागाचीही लाज वाटली, कारण त्यांनी काय मागितलं होतं? एक बाई आहे तिथे असावी, एवढंच. मी हात सोडवून घेतला आणि “बघतो” म्हणालो.

ताई मेजापाशी उभी राहून कापड इस्त्री करत होती. तिच्या स्टुलावर बाहुल्यावाल्या बाई बसल्या होत्या, मांडीवर कोपर निखळलेली एक मोठी बाहुली. मला बघून त्या घाईघाईने उठल्या. “मी काही बोलले नाही हं त्यांना,” त्या मला म्हणाल्या, म्हणजे सगळं बोलून झालं होतं. त्या गेल्या. बाहुली मात्र स्टुलावर राहिली. ताईने ती उचलून भिंतीशी ठेवली आणि मला बस म्हणाली. गुंडाळी कपाटामागे नव्हती. दाराजवळ एका पिशवीत उभी होती, बाकी दोन पिशव्यांबरोबर. ती निघायच्या तयारीत होती, आणि ते बघून मला इतका आनंद झाला, की मी भराभर बोलायला लागलो. बाणांचं सांगितलं. साय, दूध, खांब, छप्पर, बाईंचं ते पाच वर्षांचं पद, सगळं. “तू गेलीस तर इमारत बंद पडते असं चित्र म्हणतं, पण ते चित्रच चुकीचं आहे ताई. त्यात तुला सगळं परत मिळतं असं धरलंय. माझीच चूक आहे. मी उद्या तसं सांगणार आहे. तू काही मनावर घेऊ नकोस. तू जा.”

तिने इस्त्री उभी ठेवली. “मी गेले तर हे बंद पडणार नाही का मग?” तिने विचारलं. मी म्हणालो, “बहुतेक पडेल. पण त्याला तू काय करणार? ती तुझी जबाबदारी नाही.” “हं,” ती म्हणाली. “बाहुल्यावालीला मी तेच सांगत होते. रडली जराशी. पण मी सांगितलं.” तिने खरोखरच सांगितलं होतं. तिचा चेहरा ताजा दिसत होता, जड काही खाली ठेवल्यावर दिसतो तसा. “सगळ्यांना सांगितलं सकाळपासून. वाईट वाटलं, पण सांगवलं. मलाच नवल वाटलं बघ.” ती हसली. मीही हसलो. तेव्हाच मी उठायला हवं होतं. पिशव्या उचलून, चल, गाडीपर्यंत सोडतो, एवढं म्हणायला हवं होतं. पण मी दिवसभराचा दमलेला होतो आणि त्या खोलीत ऊब होती, इस्त्रीच्या ओल्या कापडाचा वास होता, आणि मी यंत्राच्या लोखंडी पायाला पाठ टेकून बसलो होतो. कधी बसलो ते मला कळलंही नव्हतं.

“आणि तू उद्या चूक झाली म्हणून सांगितलंस,” ती म्हणाली, “तर तुझं काय?”

याचं उत्तर मी रस्ताभर तयार केलं होतं. माझं काय व्हायचंय, दहा ठिकाणं आहेत, असं हसून म्हणायचं. वाक्य तोंडात तयार होतं. मी म्हणालो, “माहीत नाही.” आणि मग, कुणी विचारलं नसताना, करार उद्याच समितीपुढे आहे हे सांगितलं, विभाग बंद होईल हे सांगितलं, घराचे हप्ते, मुलीचं शेवटचं वर्ष, आणि या वयात मला कोण ठेवून घेईल, हेही. मी तक्रार करत नव्हतो. मी फक्त तिला सांगत होतो. आयुष्यभर सांगत आलोय. बोलता बोलता मला ऐकू आलं की मी काय करतोय, आणि तरी मी वाक्य पुरं केलं, कारण ताई ऐकत होती आणि ती ऐकत असली की माझं वाक्य आपोआप पुरं होतं.

तिला राग आला असता तर बरं झालं असतं. तिचा तो ताजेपणा मात्र माझ्या डोळ्यांदेखत गेला, आणि तिथे तिचा नेहमीचा चेहरा आला, मला सगळ्यात ओळखीचा असलेला. “वेडा आहेस,” ती म्हणाली. “आधी का नाही सांगितलंस? त्या बाईंचा नंबर आहे ना तुझ्या फोनमध्ये? आण इकडे.”

“ताई, नको,” मी म्हणालो. खरंच म्हणालो. पण फोन मी तिच्या हातात दिला होता.

तिने तो उलटसुलट करून पाहिला. “हा उघडत नाही,” ती म्हणाली, आणि माझ्यापुढे धरला. तिचा हात स्थिर होता, करंगळीवर इस्त्रीचा जुना डाग. मी नुसता हात मागे घेतला असता तरी झालं असतं. तिने दुसऱ्यांदा मागितला नसता. ती कधीच कुणाकडे दुसऱ्यांदा मागत नाही. तिच्या मागे दाराशी त्या पिशव्या दिसत होत्या. मला बाण आठवत होते, सगळेच्या सगळे, आणि त्यात मी माझा ठिपका कुठेच मांडलेला नव्हता हेही आता दिसत होतं. सगळं स्वच्छ कळत होतं. मी अंगठा टेकवला.

“हॅलो, मी बोलतेय, त्याची बहीण,” ती म्हणाली. “हो. हो, पाच वर्षं. ठरलं म्हणून सांगा उद्या. नाही नाही, कसली अडचण? मला कुठे जायचंय?” पलीकडे बाई काहीतरी आनंदाने बोलत राहिल्या. ताई ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिने भिंतीशी ठेवलेली बाहुली जवळ ओढली, तिचं निखळलेलं कोपर चाचपलं, आणि खुणेनेच मला सुईदोरा मागितला. मी उठून दिला. मला हायसं वाटलं होतं. इतकं, की दुपारपासून काही खाल्लं नाही हे आत्ता आठवलं, आणि तिचं बोलणं संपायची वाट बघत मी तिथे उभा राहिलो, तिला काही खायला आहे का विचारायला.